अर्ध्यावर थांबणारे सूत्र

गव्हाच्या जनुकीय नकाशावरचा कोणताही शोधनिबंध घ्या, चीनमधला, कॅनडातला किंवा पुण्यातला. पद्धतीच्या विभागात, डीएनए कसा काढला आणि यंत्र कोणते वापरले या रुक्ष तपशिलांच्या शेजारी बहुधा एक छोटे वाक्य असते: खुणांमधली अंतरे कोसंबी फलनाने (म्हणजे सूत्राने) काढली. सोबत साल, १९४४. वाक्य इतके ठरीव झाले आहे की लिहिणारा ते मागच्या निबंधातून उचलतो आणि वाचणारा त्यावर थांबत नाही. मराठी वाचकाने मात्र थांबावे. हे कोसंबी म्हणजे तेच, दामोदर धर्मानंद. प्राचीन भारताचा इतिहास वेगळ्या नजरेने लिहिणारे, भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे, आहत नाणी तराजूत घालून त्यांच्या झिजेवरून काळ वाचणारे.

पुनर्संयोजनाच्या प्रमाणावरून नकाशावरचे अंतर कसे काढावे, हा त्यांच्या निबंधाचा विषय. तो 'ॲनल्स ऑफ युजेनिक्स' या नियतकालिकात आला. जेमतेम चार पाने. माणसाचा वंश निवडीने 'सुधारण्याच्या' कल्पनेचे हे नाव आज कानाला टोचते आणि मार्क्सवादी कोसंबी तिथे काय करत होते असा प्रश्नही पडतो. पण त्या काळी आनुवंशिकतेचे संख्याशास्त्र याच छपराखाली नांदत होते, आणि दहा वर्षांनी, १९५४ मध्ये, नियतकालिकानेही नाव बदलून 'ॲनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स' केले. निबंध लिहिला तेव्हा कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. जनुकशास्त्र हा त्यांचा व्यवसाय नव्हता. त्यांनी प्रयोगासाठी फळमाशा वाढवल्या नव्हत्या की गव्हाचे संकर केले नव्हते. दुसऱ्यांनी मोजून ठेवलेल्या आकड्यांतली एक अडचण त्यांना दिसली आणि त्यांनी ती सोडवली, इतकेच.

आम्हा कल्याण-कर्जत मार्गावरच्या लोकांना इथे एक मोह होतो. पुढे कोसंबी होमी भाभांच्या बोलावण्यावरून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले आणि १९६२ पर्यंत तिथे राहिले. घर मात्र पुण्यातच ठेवले. रोज डेक्कन क्वीनने जा-ये. म्हणजे घाट उतरून बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर ही स्थानके न थांबता ओलांडत ते वर्षानुवर्षे सकाळी मुंबईकडे आणि संध्याकाळी पुण्याकडे गेले. सूत्र याच गाडीत सुचले असे लिहायला कोणाचाही हात शिवशिवेल. तसे झालेले नाही. निबंध आधीचा आहे. तो छापून आला तेव्हा उल्हासनगर नावाचे गावच नव्हते. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांचा कल्याण कॅम्प होता, फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. तरीही ही तीन स्थानके मी या लेखात राबवणार आहे, कारण कोसंबींची अडचण समजून घ्यायला एका रेषेवरचे तीन बिंदू लागतात.

नकाशा म्हटला की मोजपट्टी आठवते. जनुकीय नकाशाला मोजपट्टी नसते. १९११ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातला आल्फ्रेड स्टर्टेव्हंट हा विशीतला विद्यार्थी टॉमस हंट मॉर्गनच्या प्रयोगशाळेतली फळमाशीची आकडेवारी घरी घेऊन गेला, महाविद्यालयाचा अभ्यास बाजूला टाकला आणि एका रात्रीत जगातला पहिला जनुकीय नकाशा काढला. १९१३ मध्ये तो छापला. त्याची युक्ती अशी. जनुके गुणसूत्रावर एका ओळीत बसलेली असतात. आईकडून आलेले आणि वडिलांकडून आलेले गुणसूत्र, प्रजननपेशी घडताना, शेजारी शेजारी येतात आणि आपापल्या तुकड्यांची अदलाबदल करतात. हेच पुनर्संयोजन. दोन जनुके जितकी दूर, तितकी त्यांच्या मधे अदलाबदल होण्याची शक्यता जास्त. म्हणून शंभर संततींपैकी कितीजणांत ही दोन जनुके एकमेकांपासून सुटली ते मोजा. शंभरात एक सुटली तर अंतर एक. या एककाला पुढे सेंटीमॉर्गन म्हणू लागले.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही एका गुणसूत्रावरची तीन जनुके समजू, आणि दोन समांतर रूळ म्हणजे जोडीतली दोन गुणसूत्रे. गाडी मधे कुठे एका रुळावरून दुसऱ्यावर गेली तर अदलाबदल झाली. समजा उल्हासनगर आणि अंबरनाथच्या दरम्यान शंभरापैकी दहा गाड्या रूळ बदलतात, अंबरनाथ आणि बदलापूरच्या दरम्यान वीस. मग उल्हासनगर ते बदलापूर किती? बेरीज तीस. पण प्रत्यक्षात तीस भरत नाहीत, कमी भरतात. काही गाड्या दोनदा रूळ बदलतात आणि बदलापूरला पुन्हा मूळच्याच रुळावर उभ्या असतात. फक्त दोन टोके पाहणारा माणूस म्हणेल, काही झालेच नाही. अंबरनाथला कोणी उभा असेल तरच तो सांगेल की दोनदा झाले. अंतर जितके वाढवावे तितका हा घोळ वाढतो. नेरळ, कर्जत ओलांडून पुढे गेल्यावर गाडी कोणत्या रुळावर आहे हे नाणे उडवून सांगावे लागेल. म्हणजे सुटलेल्यांचे प्रमाण वाढत वाढत पन्नास टक्क्यांशी येते आणि तिथेच थांबते. अंतर कितीही असो, प्रमाण अर्ध्याच्या पुढे जात नाही.

ही अडचण: मोजता येते ते प्रमाण, हवे ते अंतर. अंतरांची बेरीज व्हायला हवी, प्रमाणांची होत नाही. दोघांना जोडणारा पूल हवा.

पहिला पूल १९१९ मध्ये जे. बी. एस. हॉल्डेन यांनी बांधला. (हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. नकाशाच्या या दोन्ही प्रसिद्ध सूत्रांच्या कर्त्यांचा शेवट भारतात झाला, हा निव्वळ योगायोग, पण गोड.) हॉल्डेन म्हणाले, अदलाबदली एकमेकींची पर्वा करत नाहीत असे धरू. इथे एक झाली म्हणून शेजारी दुसरी व्हायला आडकाठी नाही. मग आपल्या दहा आणि वीसची बेरीज अशी: तीस, उणे दुहेरी बदलांचे दुप्पट प्रमाण, म्हणजे उणे चार. उत्तर सव्वीस टक्के. हे सूत्र स्वच्छ आहे, पण त्यात एक खोट आहे जी माशीवाल्यांना आधीपासून माहीत होती. अदलाबदली एकमेकींची पर्वा करतात. एका ठिकाणी झाली की जवळपास दुसरी होणे टळते. रूळ बदलण्याचे दोन सांधे एकाला लागून एक बसवता येत नाहीत, मधे जागा लागते, तसेच. जवळच्या जनुकांमधे दुहेरी बदल जवळजवळ नसतातच. खूप दूर गेल्यावर हा अटकाव विरतो.

आता कोसंबींचा निबंध. माझ्या मते त्याचा सगळा रस एका गृहीतकात आहे, आणि ते गृहीतक एका ओळीत मावते. दुहेरी बदल अपेक्षेच्या मानाने किती प्रमाणात प्रत्यक्षात घडतात, या गुणोत्तराला एक म्हटले तर अटकाव नाही, शून्य म्हटले तर पूर्ण अटकाव. हॉल्डेनने ते सर्वत्र एक धरले. स्टर्टेव्हंटच्या साध्या बेरजेत ते सर्वत्र शून्य आहे. खरे दोहोंच्या मधे कुठेतरी, आणि ठिकाणाप्रमाणे बदलणारे. कोसंबी म्हणतात, ते गुणोत्तर सुटलेल्यांच्या प्रमाणाच्या दुप्पट धरा.

फक्त दुप्पट. या निवडीतली चतुराई सावकाश पाहण्यासारखी आहे. जनुके अगदी शेजारी असतील तर सुटण्याचे प्रमाण शून्याजवळ, म्हणून गुणोत्तरही शून्याजवळ: पूर्ण अटकाव. जनुके अमर्याद दूर असतील तर प्रमाण अर्धे, त्याची दुप्पट एक: अटकाव संपला. दोन्ही टोके बरोबर त्यांच्या जागी बसली आणि मधला प्रदेश सरळ रेषेने भरला. एकही नवा स्थिरांक आणावा लागला नाही. दुसऱ्या कोणी इथे एखादा जुळवून घेण्याजोगा आकडा घातला असता, माशीसाठी इतका, मक्यासाठी तितका, आणि प्रत्येक प्राण्यागणिक तो ठरवत बसावे लागले असते. कोसंबींनी निसर्गाकडून जेवढे ठाऊक होते तेवढेच, म्हणजे दोन टोकांची वागणूक, घेतले आणि बाकीचे गणिताच्या काटकसरीवर सोडले. नाण्यांच्या बाबतीतही त्यांची रीत हीच दिसते: आकडे मोजके, गृहीतके त्याहून मोजकी, आणि त्यांच्यावर टाकलेला भार पुष्कळ.

यातून पुढचे सगळे आपोआप निघते. सुटण्याचे प्रमाण 'प' म्हणू. अंतर थोडेसे वाढवले की प्रमाण किती वेगाने वाढते? हॉल्डेनच्या हिशोबात हा वेग (१ − २प). कोसंबींच्या हिशोबात (१ − ४प²). शाळेतला वर्गांच्या वजाबाकीचा नियम आठवला तर दिसेल की दुसरी राशी म्हणजे पहिलीच, (१ + २प) ने गुणलेली. सुरुवातीला दोन्ही एक, अर्ध्यावर पोचल्यावर दोन्ही शून्य. फरक वाटेत आहे. प्रमाण दहा टक्के झाले की हॉल्डेनचा वेग ०.८० वर घसरलेला असतो, कोसंबींचा अजून ०.९६ असतो. म्हणजे कोसंबींच्या सूत्रात जवळची अंतरे जवळजवळ साध्या बेरजेने चालतात, ती बराच काळ सरळ जातात, आणि मग एकदम वाकून अर्ध्याच्या रेषेला टेकू लागतात. प्रत्यक्षातली आकडेवारी अशीच वाकते.

समाकलन केले की सूत्र मिळते: सेंटीमॉर्गनमधले अंतर म्हणजे २५ गुणिले (१ + २प) भागिले (१ − २प) या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम. पण सूत्राचे हे रूप मला तितकेसे रुचत नाही. ते संगणकासाठी आहे. खरी चव बेरजेच्या नियमात आहे. दोन लागून असलेल्या टप्प्यांची प्रमाणे ठाऊक असतील तर संपूर्ण टप्प्याचे प्रमाण काढायला दोघांची बेरीज करा आणि तिला (१ + ४ × त्या दोघांचा गुणाकार) ने भागा. आपल्या मार्गावर करून पाहू. ०.१० आणि ०.२० यांची बेरीज ०.३०. भागायचे १.०८ ने. उत्तर ०.२७८. हॉल्डेनच्या २६ टक्क्यांच्या वर, भोळ्या ३० टक्क्यांच्या खाली. अंतरांत मांडले तर उल्हासनगर ते अंबरनाथ १०.१ सेंटीमॉर्गन, अंबरनाथ ते बदलापूर २१.२, आणि थेट उल्हासनगर ते बदलापूर काढले तरी ३१.३. प्रमाणांनी बेरीज मोडली होती, अंतरांनी ती पुन्हा जुळवली.

त्या छेदाकडे पुन्हा पाहा. भौतिकशास्त्र शिकलेल्या वाचकाला तो ओळखीचा वाटेल. विशेष सापेक्षतेत दोन वेगांची बेरीज नेमकी अशीच करतात: वरती साधी बेरीज, खाली एक अधिक गुणाकार, आणि कितीही वेग मिळवले तरी प्रकाशाचा वेग ओलांडला जात नाही. इथे प्रकाशाच्या वेगाच्या जागी अर्धा आहे. कोसंबींनी उमेदवारीची वर्षे विकलक भूमितीत घालवली होती, त्यामुळे ही आकृती त्यांच्या डोळ्यांना सरावाची असणार. पण जनुकांच्या अंतराला प्रकाशाशी काही देणेघेणे नाही. एखादी राशी बेरजेने वाढते आणि तरीही एका मर्यादेत राहते, असा सोपा आणि समतोल नियम हवा असला की गणित पुन्हा पुन्हा याच दारात आणून सोडते.

गहू इथे का आणावा? कारण सूत्राची खरी परीक्षा गुंतागुंतीच्या पिकात होते. बदलापूरच्या पलीकडे, कर्जतला, कोकण कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र आहे. भाताला गुणसूत्रांच्या बारा जोड्या, जनुकसंचात डीएनएची सुमारे ४० कोटी अक्षरे. तो २००५ मध्ये वाचून झाला. सरबती गव्हात भाताच्या पस्तीस ते चाळीस पट, माणसाच्या पाच पट मजकूर. त्यातला ८५ टक्के पुनरावृत्त. भर म्हणून हा एक जनुकसंच नाहीच. तीन वेगवेगळ्या गवतांचे संच एकत्र आलेत, ए, बी आणि डी. प्रत्येकाची सात गुणसूत्रे, एकूण एकवीस जोड्या, आणि तिन्ही संचांत जवळजवळ तीच जनुके त्याच क्रमाने. रवा आणि कुरडयांचा बन्सी गहू आणि जुना खपली यांच्यात दोनच संच, ए आणि बी, म्हणजे चौदा जोड्या. इतकी जुळी भावंडे एका घरात असताना प्रजननपेशी घडताना कोणी कोणाशी जोडी जमवायची याचा गोंधळ उडायला हवा. तो उडत नाही, कारण ५बी या गुणसूत्रावरचा एक जनुकीय ठिकाणा राखण करतो. १९५८ मध्ये तो लक्षात आला. त्याच्या पहाऱ्यामुळे ७ए ची जोडी ७ए शीच जमते. म्हणूनच गव्हासारख्या अवाढव्य पिकालाही माशीसाठी शोधलेली सुटण्याची मोजणी लागू पडते आणि कोसंबींचे सूत्रही.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने २००८ मध्ये 'मॉलिक्युलर ब्रीडिंग'मध्ये छापलेला बन्सी गव्हाचा नकाशा मला या जातीच्या कामाचा चांगला नमुना वाटतो. फ्रान्समधल्या संशोधकांचीही त्यात साथ होती. संस्था महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची, १९४६ पासूनची. तिचे पहिले संचालक शंकर पुरुषोत्तम आघारकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ, त्यांचे नाव तिला १९९२ मध्ये मिळाले. प्रश्न होता रव्याच्या पिवळेपणाचा. पास्ता करणाऱ्या गिरण्यांना रवा पिवळा लागतो आणि तो रंग दाण्यातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांचा, मुख्यत्वे ल्युटिनचा. पिवळेपणा कमी-अधिक करणारी जनुके कुठे बसली आहेत?

त्यांनी जोडी जमवली ती पाहण्यासारखी. एका बाजूला पंजाबमधला सुधारित पीडीडब्ल्यू २३३, दाणा गडद पिवळा. दुसऱ्या बाजूला भालेगाव ४, इथलाच जुना देशी वाण, दाणा फिका. नकाशा काढणाऱ्याला चांगला वाण नको असतो, फरक हवा असतो. जिथे दोन आईबाप सारखे असतात तिथे मोजायला काहीच उरत नाही. म्हणून पास्त्याच्या बाजारात ज्याला कोणी विचारणार नाही असा भालेगाव ४ इथे पीडीडब्ल्यू २३३ च्या बरोबरीने उभा राहतो. त्यांच्या संकरातून, पिढ्यानपिढ्या स्वपरागण करत, १४० स्थिर ओळी तयार केल्या. प्रत्येक ओळ म्हणजे दोन आईबापांच्या तुकड्यांची वेगळी गोधडी, आणि एकदा स्थिर झाली की तीच ओळ दरवर्षी, हव्या त्या शेतात पुन्हा पेरता येते.

अशा ओळींवर कोसंबींचे सूत्र थेट लावले तर फसगत होते, आणि हे मुद्दाम सांगतो, कारण संगणक हे काम पडद्याआड करतो. स्वपरागणाच्या प्रत्येक पिढीत अदलाबदलीची नवी संधी मिळत जाते, त्यामुळे शेवटी सुटलेल्या ओळींचे प्रमाण एका पिढीतल्यापेक्षा फुगलेले दिसते. हॉल्डेन आणि वॉडिंग्टन यांनी १९३१ मध्ये ही फुगवटी काढून टाकायची रीत दिली. उदाहरणादाखल, १४० पैकी २८ ओळींत दोन खुणा, म्हणजे डीएनएतली ओळखता येणारी दोन ठिकाणे, एकमेकींपासून सुटल्या असत्या, म्हणजे २० टक्के, तर एका पिढीतले खरे प्रमाण साडेबारा टक्के निघते. ते कोसंबींच्या सूत्रात घातले की १२.८ सेंटीमॉर्गन. हॉल्डेनचे १९३१ आणि कोसंबींचे १९४४, असे दोन पदर या एका आकड्यात गुंफलेले असतात.

नकाशातून पिवळेपणाच्या पाच जागा सापडल्या. चार किरकोळ. पाचवी ७ए गुणसूत्राच्या लांब भुजेच्या टोकाजवळ, आणि रंगातल्या फरकाचा निम्म्याहून अधिक भाग एकट्या तिच्यावर. तिला दिलेल्या नावात गुणाचा संकेत आहे, गुणसूत्राचा क्रमांक आहे, आणि मधे विज्ञानवर्धिनीची इंग्रजी आद्याक्षरे, एमएसीएस. या टापूत कॅरोटिनॉइड घडवण्याच्या साखळीतले, फायटोईन सिंथेझ बनवणारे जनुक बसते हे इतर कामांतूनही पुढे आले. निबंधाच्या शीर्षकातच पडताळा हा शब्द आहे आणि तो पाळलेला आहे: एका संकरात सापडलेली जागा दुसरीकडे टिकते का ते पाहिले आहे. नकाशाच्या क्षेत्रात हे सोडून देणारे पुष्कळ.

आता दोष. रसिकाने ते लपवू नयेत. पहिला दोष गव्हाचाच: त्याच्या अदलाबदली गुणसूत्राच्या दोन टोकांकडे गर्दी करतात, आणि मधला अवाढव्य प्रदेश जवळजवळ मुका असतो. त्यामुळे सेंटीमॉर्गनच्या नकाशात टोकाचा छोटा तुकडा ऐसपैस पसरतो आणि मधली कोट्यवधी अक्षरे दोन-चार सेंटीमॉर्गनांत चुरगळून बसतात. ७ए वरची आपली जागा टोकाकडे आहे हे पैदासकाराचे भाग्य. तिथे खुणा वेगळ्या करता येतात. मधे असती तर शेजारचे नको ते जनुकही वर्षानुवर्षे गळ्यात राहिले असते.

दुसरा दोष सूत्राचा. दुप्पटीचे ते गृहीतक सोयीचे आहे; अदलाबदल जीवशास्त्राच्या पातळीवर का अडते याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. पुढच्या गणितज्ञांनी दाखवले की दोन-तीन बिंदूंऐवजी अनेक बिंदू एकदम घेतले तर या सूत्रातून शक्यतांचा पूर्णपणे सुसंगत संच उभाच करता येत नाही. हॉल्डेनचे भाबडे सूत्र त्या परीक्षेत उतरते, कोसंबींचे उतरत नाही. काटेकोर वाचकाला हे खुपावे. मला स्वतःला खुपत नाही, कारण चार पानांच्या निबंधाने अनेक बिंदूंचा दावा केलेलाच नव्हता. तो भार नंतर संगणकांनी त्याच्यावर टाकला. १९८७ च्या सुमारास नकाशे जोडणारी पहिली सुटसुटीत आज्ञावली आली, तिने वापरणाऱ्याला विचारले: हॉल्डेन की कोसंबी? त्या प्रश्नाने हे नाव जगभरच्या प्रयोगशाळांत पोचवले. चार पाने वाचून ते निवडणारे थोडेच असतील.

सरबती गव्हाचा संपूर्ण मजकूर २०१८ मध्ये 'सायन्स'मध्ये आला: १,०७,८९१ जनुके, २० देशांतले दोनशेहून अधिक संशोधक, आणि त्यात २ए या गुणसूत्राचा वाटा भारताकडे, लुधियाना आणि दिल्लीच्या संस्थांकडे. बन्सीचा पुढच्याच वर्षी आला. मग सेंटीमॉर्गन निकामी झाला का? वाचनालयात पुस्तक आले म्हणून गुण वेगळे करण्याचे काम सोपे होत नाही. पैदासकाराला ७ए वरचा पिवळेपणा हवा आणि शेजारचा एखादा ताप नको असेल, तर तो दोघांत किती अक्षरे आहेत हे विचारत नाही; किती रोपे लावली म्हणजे त्यांतल्या एकात ते दोघे सुटलेले सापडतील, हे विचारतो. त्याचे उत्तर सेंटीमॉर्गनमध्येच येते.

फरक पडला आहे तो दाटीने. २००८ मध्ये खुणा विरळ होत्या, दोन शेजारच्या खुणांत कधी कधी वीस-पंचवीस सेंटीमॉर्गनची फट असे, आणि तिथे हॉल्डेन की कोसंबी या निवडीने नकाशाची लांबी लक्षात येण्याइतकी बदले. सुटण्याचे प्रमाण ४० टक्के असेल तर कोसंबी ५५ सेंटीमॉर्गन सांगतात, हॉल्डेन ८०. आता एका चिपवर नव्वद हजार खुणा तपासता येतात, शेजारच्या खुणा एका टक्क्यावर किंवा त्याहून जवळ येतात. एका टक्क्याला कोसंबींचे अंतर १.०००, हॉल्डेनचे १.०१०. एवढ्याशा फरकासाठी कोणी वाद घालत नाही. तरी पद्धतीच्या विभागातले ते वाक्य अजून लिहिले जाते, आणि आज्ञावलीच्या यादीतही ती दोन नावे अजून एकाखाली एक असतात.